हॉलबाहेरच्या चपला

"काका, जरा सरका ना. उजेड अडतोय," तनुजा म्हणाली.

सोसायटीच्या हॉलबाहेर उकिडवी बसून ती लोकांच्या चपला बघत होती. आत सतरंज्या घातल्या होत्या, म्हणून झाडून सगळ्या कोथरूडकरांनी चपला बाहेर काढल्या होत्या. त्या निरखून ही बाई आमच्या वाद्यवृंदानं आज काय गायचं ते ठरवणार होती! सव्वीस वर्षं हे काम मी केलं. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली कारकुनी सांभाळून, आठ दिवस आधी, सुवाच्य अक्षरात यादी तयार. एक नाट्यगीत, चार भावगीतं, एक गझल, शेवटी भैरवी. चपलांशी माझा कधी संबंध आला नाही.

महिन्यापूर्वी मार्केट यार्डात हमालांच्या मेळाव्यात गायचं होतं. हमाल म्हणजे लावणी, असं मी धरून चाललो होतो. ही बाहेर एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, "बायकांच्या चपला जास्त आहेत, काका. जात्यावरच्या ओव्यांनी सुरुवात करू." मंडळींनी तिचं ऐकलं. तिसऱ्या ओवीला मागच्या बायका आपणहून गायला लागल्या. दोघीतिघी डोळे पुसत होत्या. माझ्या यादीला सव्वीस वर्षांत कुणी रडलं नव्हतं; घोरले मात्र होते.

त्या दिवसापासून यादी तिच्याकडे गेली आणि माझा जळफळाट सुरू झाला. घरी रोज बायकोसमोर, श्यामलासमोर, मी तनुजाच्या नावानं बोटं मोडतो. श्यामला निमूट ऐकून घेते. आमच्या कार्यक्रमांना यायचं तिनं केव्हाच सोडलंय. गुडघे दुखतात म्हणते. आज तनुजाची फजिती बघायला मिळावी म्हणून मी घरून मुद्दाम लवकर निघालो, कोपऱ्यावर चहा घेत वेळ काढला आणि लोक आत बसल्यावर इथे येऊन उभा राहिलो होतो.

"आत जाऊन लोकांची तोंडं बघ की," मी म्हणालो.

"पहिल्या गाण्याआधी सगळे सारखेच गंभीर असतात हो. हे बघा, हे सगळे ग्रुपनं आलेत. शेवटपर्यंत बसतील, यांना काहीही चालेल."

"भावगीतं घे. कोथरूड आहे हे."

"मला टेन्शन आहे ते यांचं." तिनं खांबाआडच्या एका जोडीकडे बोट दाखवलं. "एकट्याच आल्यात. लांब, गेटकडे तोंड करून काढल्यात. म्हणजे दोन गाणी ऐकून सटकणार. यांना थांबवेल असं काय गाऊ? सांगा ना, तुमचा एवढा अनुभव."

काळ्या चपला. डाव्या पट्ट्याला तपकिरी दोऱ्याची शिवण. काळा दोरा संपलाय, असं चांभार म्हणाला होता आणि मी चालेल म्हटलं होतं.

माझ्या कार्यक्रमाला गुडघे दुखणारी श्यामला तीन जिने उतरून हिच्या कार्यक्रमाला आली होती. मला न सांगता. अंगाची नुसती आग झाली.

तरीही उत्तर द्यायचं म्हणून मी आठवू लागलो. श्यामलाला काय आवडतं? लग्नानंतर पोळ्या लाटताना ती गुणगुणायची. काय, ते काही केल्या आठवेना. मी यादी करत बसलेला असायचो आणि म्हणायचो, "जरा थांबतेस का? मला सुचत नाहीये." ती थांबायची. पुढे कधीतरी तिनं गुणगुणणंच सोडलं.

"मला नाही सांगता येणार," मी म्हणालो.

तनुजानं चमकून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "कव्वाली घेते. एकटं माणूस टाळ्या वाजवायला लागलं ना, की सहसा उठत नाही." आणि ती आत गेली.

कव्वाली सुरू झाली. दुसरं गाणं झालं, पाचवं झालं. खांबाआडच्या चपला जागच्या हलल्या नाहीत. मी दारातून हळूच डोकावलो. श्यामला भिंतीला टेकून बसली होती, टाळ्या वाजवत होती, अगदी ठेक्यात. तिचे ओठही हलत होते. तिला शब्द पाठ होते.

आत जाऊन तिच्या शेजारी बसावं, असं फार वाटलं. पण मला बघून ती थांबली असती. मी बूट काढले नाहीत.