दगडूची गाठ

“मॅडम, कशाला वेळ घालवताय? हा माणूस बटण दाबतो. संपातली खोड आहे, काम बंद पाडायची.”

मॅनेजर रघुवीर हे दगडूच्या तोंडावर म्हणाला. गिरण्यांच्या संपाला वीस वर्षं उलटली होती. गिरणी सुटल्यावर दगडूने नारळ विकले, वॉचमनकी केली आणि आता रे रोडच्या या कारखान्यात तो वेल्डिंगच्या रोबोला पाइप लावून द्यायचा. तो रोबो मधेच थांबे. हाताशी संपर्क तुटला, असं पडद्यावर येई. थोड्या वेळाने आपोआप सुरू. रोबोच्या कंपनीचे इंजिनिअर येऊन ‘सगळं ठीक आहे’ सांगून गेले होते. आज त्याच कंपनीची दमयंती आली होती. तीही तसंच सांगून गेली, तर सोमवारपासून दगडू घरी.

‘सगळं ठीक आहे’ या शब्दांची दमयंतीला चीड होती. ठीक असतं तर थांबलं कशाला असतं?

“केबल तपासली होती?”

“तपासली की. ठणठणीत.”

“रोबो बंद करून?”

“मग काय, चालू मशीनमध्ये हात घालणार?”

“लंगडणाऱ्याला खुर्चीत बसवून तपासलं, तर पाय ठीकच दिसणार,” ती म्हणाली.

तिने वेल्डिंग बंद ठेवलं आणि रोबो नुसताच पूर्ण वेगात फिरवला. तरी तो थांबला. म्हणजे ठिणग्यांचा दोष नव्हता. आता तो नेमका कुठल्या वळणावर थांबतो, ते बघायला हवं होतं. पण संपर्काचा हिरवा दिवा रोबोभोवतीच्या जाळीच्या या टोकाला आणि रोबोचा हात त्या टोकाला. शेजारी प्रेस मशिनं धडधडत होती, ओरडून कळायची सोय नव्हती. दगडूला हातावर नजर ठेवायला सांगून ती दिव्यापाशी उभी राहिली.

दिवा लुकलुकला. दमयंतीने नकळत दोन बोटं जुळवून झटकन फाकवली. धागा तुटला!

दगडू चमकला. मग त्याचा हात उठला, खाली गेला आणि मनगट आतल्या बाजूला वळलं. इथे तुटला.

गिरणीच्या साचेखात्यात मागांच्या आवाजात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू जात नसे. तिथली माणसं हातांनी बोलत. प्रत्येकाच्या नावाची खूण असे; तिच्या बापाची, रामजीची, मिशीवरून बोट फिरवायची. भोईवाड्याच्या खोलीत जेवतानाही तो हातांनीच भाजी मागायचा आणि आई कावायची, “तोंड दिलंय ना देवानं?” त्याच्या बापजाद्यांना, जातीमुळे, साचेखात्यात पाऊल टाकू दिलं नव्हतं. रामजी शिरला आणि टिकला. दमयंतीला स्वतःच्या डिग्रीपेक्षा त्याचा अभिमान जास्त होता. तो गेल्यापासून तिच्याशी हातांनी कुणी बोललं नव्हतं.

दिवा पुन्हा लुकलुकला. दगडूचं मनगट पुन्हा तसंच वळलं. मग आणखी एकदा.

वीज तोडून ती जाळीच्या आत गेली. रोबोच्या मनगटाजवळ केबल सुती दोरीने घट्ट आवळलेली होती. बारीक, चपटी गाठ, टोकं जवळून कापलेली. तुटलेला धागा जोडायची गाठ! ती दमयंतीलाही येत होती. तिने मीटर लावून केबल तिथेच वाकवली, तशी तार अखंड असेपर्यंत वाजणारी मीटरची शिटी तुटली. दर वळणाला ताण बसून आतली तार गेली होती. दमयंतीला वाईट वाटलं. या माणसाला वाचवायला म्हणून ती शोधत होती आणि सापडलं ते हे.

“काय सापडलं?” रघुवीर.

ती बोलायच्या आधीच दगडू पुढे आला. “गाठ माझी हाय, सायेब. वायर लोंबत होती. चालत्या मशिनीपाशी लोंबतं काय ठेवू नये. साचेखात्यात अशानंच एकाचा हात गेलेला बघितलाय मी.”

“बघा! म्हणजे यानेच...”

“वायर आम्ही लोंबत ठेवली,” दमयंती म्हणाली. “ती सैल लागते, पण सांभाळायला पट्टा लागतो. तो आमच्या कंपनीने बसवलाच नाही, आणि काकांना कुणी काही सांगितलंही नाही. त्यांनी माणसांच्या काळजीने बांधली. बटण दाबतात म्हणालात, ते आधी मागे घ्या.”

“बरं, नाही दाबलं बटण,” रघुवीर रोबोकडे बघत म्हणाला.

“माझ्याकडं बघून बोला, सायेब.”

रघुवीरने मान वळवली. “चुकलं, दगडू. सोमवारी ये.”

“येणारच.”

दमयंतीने नवी केबल काढली, किती सैल ठेवायची ते दाखवलं आणि पट्टा दगडूच्या हातात दिला. “तुम्हीच बसवा, काका.” त्याने तो बसवला, दोनदा ओढून बघितला. रोबो सुरू झाला. वेल्डिंगसकट, पूर्ण वेगात. हिरवा दिवा हलला नाही.

दुपारी बॅग उचलून ती दारापर्यंत आली आणि वळली. प्रेस मशिनं धडधडत होती. जाळीपलीकडून दगडूने तळहात आडवा धरून धोट्यासारखा इकडून तिकडे नेला. माग चालू. मग तिच्याकडे बोट करून पंजा उलटा केला. तू कुणाची?

दमयंतीने ओठांवरून बोट फिरवून मिशीची खूण केली.

दगडूची गिरणी वेगळी, रामजीला तो ओळखत नव्हता. तरी त्याने सलामासाठी हात कपाळापर्यंत नेला आणि पुढचा पाइप उचलला.