निळे हात

राखेनं रंग निघेना, तेव्हा कारकुनानं विटेचा तुकडा मागवला. कचेरीच्या अंगणात आमची रंगारीण वहिनी उकिडवी बसली होती आणि तांब्यानं तिच्या हातांवर पाणी ओतायला मी होतो. शेजारी म्हणून मलाच पुढे ढकललेलं.

वीस वर्षं सूत रंगवून तिचे हात कोपरापर्यंत निळे झालेले. त्याच हातांवर भरवसा ठेवून खालच्या आळीनं तिला मतं दिली. तलावाच्या दाराची किल्ली वर्षानुवर्षं गिरणीवाल्याकडे. वरची शेतं तुडुंब आणि आमची रोपं माना टाकून. यंदा तो सात मतांनी पडला आणि वहिनी पाणीपंच झाली. राहिली होती फक्त शपथ. ती दिवस मावळायच्या आत घ्यायची, नाहीतर किल्ली दुसऱ्या नंबराला. हा दुसरा नंबर समोरच्या बाकावर दात कोरत बसला होता.

ग्रंथ आतल्या खोलीत, पांढऱ्या फडक्यावर. आजवरच्या प्रत्येक पंचानं त्यावर हात ठेवूनच शपथ घेतलेली, त्यामुळे त्यावाचून शपथ होते हे आमच्या कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

“असल्या हातांनी ग्रंथ बाटवायचा का?” कारकून म्हणाला.

“अहो साहेब, घाण नाही ही, रंग आहे. दहादा धुतलेत हात,” वहिनी म्हणाली.

“मग अकराव्यांदा धुवा. आमची कुठं ना आहे?”

“घास बाई, घास,” गिरणीवाला म्हणाला. “देवाचं काम आहे.”

ज्यांनी घरात कधी ताट विसळलं नाही, ते एकेक जण सल्ला द्यायला पुढे आले. कुणी चुना आणला, कुणी रॉकेल. वहिनी दात आवळून घासत राहिली. बोटांच्या पेरांवरची सालटी निघाली.

“वहिनी, पुरे आता.”

“ओता हो भावजी. ऊन अजून भिंतीवर आहे.”

मी ओतलं. खाली पाणी आधी निळं गेलं, मग लाल.

अखेर तिनं दोन्ही हात कारकुनापुढे धरले. त्यानं नाक मुरडलं. “रक्त आलंय की! रक्ताचा हात ग्रंथाला कसा लावणार? सुकू दे आधी.”

ती हात वर धरून फुंकर घालत उभी राहिली. भिंतीवरचं ऊन गेलं. कारकुनानं वहीत ‘शपथ घेतली नाही’ असं लिहिलं आणि कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीवाला आला, कोपरापर्यंत पीठ माखलेला. ग्रंथ कपाटात बंद होता. त्यानं उभ्या उभ्या चार ओळी म्हटल्या, किल्ली खिशात घातली आणि गेला.

“साहेब, ग्रंथ राहिला,” मी म्हणालो.

“कायद्यात कुठं आहे ग्रंथ? तोंडी चालतं,” कारकून म्हणाला. “बाईंनी विचारलं असतं तर सांगितलं नसतं का?”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तडक वहिनीकडे गेलो. हातांना चिंध्या गुंडाळून ती सूत पिळत होती. मी सगळं सांगितलं. तिनं पीळ सोडला नाही. रंग चिंध्यांत मुरत होता, झोंबत असणारच.

“त्यांचं जाऊ द्या,” ती म्हणाली. “त्यांना किल्ली हवी होती. पण भावजी, पाणी तुम्ही ओतत होता. तुम्ही तरी थांबायचं होतंत.”

तांब्या कचेरीच्या अंगणातच राहिला होता. तो आणायला मी गेलो नाही.