लाल रेघ आणि उस्तादांच्या टिपा

गुरुवारी सकाळी ऑफिसात पाऊल ठेवताच साहेबाने, अबू फारिसने, फर्मान काढले: दुपारपर्यंत प्रोग्रामच्या सगळ्या फायलींमधल्या अरबी टिपा पुसून टाका.

"टिपा असल्या की रेघ घसरते," तो रुदैनाला म्हणाला. "टिपा नाहीत तिथे बघ, कशी शहाण्यासारखी बसते."

ते खरेच होते. रुदैनाने बनवलेला तपासनीस प्रोग्राम या फायली वाचायचा आणि चूक असेल त्या शब्दाखाली पडद्यावर लाल रेघ ओढायचा. अरबी टिपांच्या फायलींत मात्र रेघ पुढे कुठल्यातरी गरीब, निरपराध शब्दाखाली जाऊन पडे. शुक्रवार-शनिवार सुट्टी, आणि रविवारी गिऱ्हाईक तपासनीस बघायला येणार होते.

पण त्या टिपा उस्ताद शुक्रींच्या होत्या. वीस वर्षे लिहिलेल्या. अम्मानच्या त्या ऑफिसातली निम्मी माणसे त्यांवरच शिकली, रुदैनाही. एका ठिकाणी तर त्यांनी लिहिले होते, 'इथे हात लावण्याआधी चहा पिऊन ये.' उस्ताद निवृत्त झाले, टिपा तेवढ्या राहिल्या. त्या आपल्या हाताने पुसायला ती तयार नव्हती.

"दोष टिपांचा नाही, अबू फारिस."

"मग कुणाचा? चोर आणून दाखव. दुपारपर्यंत नाही सापडला, तर पुसायला तूच बसायचंस, पोरी."

तिने सगळ्यात छोटी फाइल उघडली. वर एकच टीप, खाली एकच चूक. मरामियाची सुगंधी पाने घातलेला चहा बाजूला निवत राहिला आणि ती पडद्यावर बोट ठेवून पहिलीतल्या मुलीसारखी अक्षरे मोजत बसली. मोकळ्या जागा सोडून तेवीस अक्षरे. रेघ किती अक्षरे पुढे? तेवीस! तिने टिपेत आणखी एक अक्षर, अलिफ, वाढवले. रेघही आणखी एक अक्षर पुढे सरकली.

मग लख्ख उजेड पडला. साठवलेल्या फाइलीत इंग्रजी अक्षर किंवा मोकळी जागा एक घर अडवते, प्रत्येक अरबी अक्षर दोन घरे, आणि तपासनीस ती घरे मोजत होता. त्याच्या आकड्यावरून पडद्यावर रेघ उमटवणारा संपादक-प्रोग्राम मोजत होता अक्षरे. दोघांचा हिशेब आपापल्या जागी चोख, पण एकाचा आकडा दुसऱ्याने जसाच्या तसा घेतलेला. आणि तपासनिसाची परीक्षा घेतली होती ती फक्त इंग्रजी फायलींवर. कुणी? अरबीत भांडणाऱ्या, अरबीत स्वप्ने बघणाऱ्या रुदैना नस्रावीने! तिला स्वतःची लाज वाटली. मग तिने बाह्या सावरल्या आणि घरांची अक्षरे करून देणाऱ्या अकरा ओळी लिहिल्या.

"चोर सापडला," दुपारी ती अबू फारिसला म्हणाली. "मीच."

तिने सगळे समजावले. रेघ नेमकी जागेवर बसली होती.

"तुझ्या फाइलीत बसली, त्यात काय मोठंसं! सरक, मी लिहितो."

पंधरा वर्षे प्रोग्राममध्ये इंग्रजीखेरीज अक्षर न लिहिलेला तो माणूस एकेक कळ शोधत, चूक होती त्या ओळीच्या वर लांबलचक अरबी टीप लिहू लागला. रुदैना श्वास रोखून बघत होती. रेघ तसूभरही हलली नाही. अभिमानाने तिचा ऊर भरून आला.

मग तिने टीप वाचली. 'इथली मोजणी रुदैना नस्रावीने बरोबर केली. हात लावण्याआधी तिला विचारा.'

"चाचणी झाली," ती कसेबसे म्हणाली. "पुसू का ही आता?"

"हात तर लावून बघ," अबू फारिस म्हणाला.