ठोक्याखालचे थर

हे गाणं डीजेवाल्या अविनाशला पटलं, तर लग्नसराईची सगळी गाणी जीवनच्या खामगावातल्या स्टुडिओत येणार होती. तोटा कुठेच दिसत नव्हता. स्नेअर ड्रम मात्र बँडमधल्या गोविंदाकाकांनी वाजवलेला, आणि आजारपणानंतर त्यांचा हात हलका पडलेला. जीवनने त्यांच्या ठोक्याखाली आधीच रेकॉर्ड केलेल्या ठोक्याचं एक तयार सॅम्पल लावलं, मग त्याखाली आणखी एक. आता ठोका थेट छातीत बसायला लागला.

“काकाचा हात तं लोखंडाचा झाला बे,” अविनाश म्हणाला. “आता त्याईचा ठोका बंद करून पाह्य बरं.”

जीवनने केला. आवाजात काहीच फरक पडला नाही.

मागे बसलेले काका हसले. “बरं झालं. मनगटही दुखूनच राह्यलं होतं.”

अविनाशला हवा तसा दणदणीत ठोका मिळाला, जीवनला गाणी. तोटा भरला तो काकांनी. त्यांना पुन्हा कुणी बोलावलं नाही.