टोपी तरी छान होती

तार्दिव्हेलने मिशीच्या डाव्या टोकाला डिंक लावला, ती ओठावर दाबून धरली, आणि तेवढ्यात आरशात त्याला दारातली बाई दिसली. अंगात काळा कोट, डोक्याला काळा रुमाल, हातात झाकणाची वेताची टोपली. डिंक वाळेपर्यंत ओठ हलवायची सोय नव्हती. तो नुसता बघत राहिला.

"तुम्हीच तार्दिव्हेलसाहेब ना?" ती म्हणाली. "सिनेमात दिसता त्यापेक्षा बारीक आहात. मी सोलांज. ऑक्तावची बहीण."

त्याने मान हलवून समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. बाई बसली नाही. टोपली जमिनीवर ठेवून तिने झाकण उघडलं आणि वरच घडी करून ठेवलेला एक रेशमी स्कार्फ काढून मेजावर, रंगाच्या डब्यांच्या मधोमध ठेवला. धुतलेला, इस्त्री केलेला, करड्या रंगाचा.

"हा काही त्याचा नाही," ती म्हणाली.

मिशी केव्हाच चिकटली होती. तरी तार्दिव्हेलने बोट काढलं नाही.

तीनच आठवडे झाले होते. ऑक्ताव रूव्रे या नाटकात म्हाताऱ्या नोकराचं काम करायचा. एके दुपारी, रंगमंचावर कुणी नसताना, तो गेला. छताखालच्या लाकडी माळ्याच्या लोखंडी शिडीवरून पाय घसरून पडला, असं मालकीणबाई मादाम कास्तेरा यांनी सांगितलं, त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांनीही तेच लिहून दिलं, आणि नटमंडळींनी खाली मान घालून तेच उचललं. एकदा सगळ्यांनी मिळून बोलायला घेतलं की खोटंही पाठ होतं, आणि पाठांतर तर या लोकांचा धंदाच. रूव्रेचं शव गावी न्यायला बहीण यायची होती. ती यायच्या आत तार्दिव्हेलने स्वतःच्या गळ्यातला स्कार्फ सोडून मित्राच्या गळ्याला, अगदी हनुवटीपर्यंत, गुंडाळला होता. मातीला मात्र तो गेला नाही. त्या दिवशी दोन प्रयोग होते. भलंमोठं पुष्पचक्र पाठवलं, झालं.

"गाठ कुणी मारली होती?" बाईने विचारलं.

"मी."

"वाटलंच. आमच्या ऑक्तावला धड बुटाची नाडी बांधता यायची नाही. लहानपणी मीच बांधून द्यायची." तिने टोपलीचं झाकण लावलं. "मला ती जागा बघायची आहे, साहेब. तुमच्या खेळाला वेळ आहे ना अजून?"

वेळ होता. रविवारचा दुपारचा खेळ, प्रेक्षक अजून जेवणाच्या टेबलावर असणार. "चला, ताई," तो उठत म्हणाला. ताई हा शब्द त्याच्या तोंडून आपसूक निघाला. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या तोंडून तो ऐकत होता ना! ताईने चीज पाठवलंय, ताईने मोजे विणलेत, ताई म्हणते लग्न कर.

तो आणि रूव्रे एकाच वर्षी नाट्यशाळेतून बाहेर पडले होते. सहाव्या मजल्यावरची एक खोली आणि दोघांत मिळून एकच बरा ओव्हरकोट. काम मागायला जायचं तर ज्याची पाळी त्याने तो घालायचा, दुसऱ्याने पांघरुणात बसायचं. शाळेत पहिला नंबर रूव्रेचा होता. आवाज असा की शेवटच्या रांगेतला बहिरा म्हातारासुद्धा मान वर करायचा. पण आवाज घेऊन तो हिंडला कुठं, तर गावोगावच्या नगरभवनांत. गळक्या छपराखाली राजे झाला, सेनापती झाला, आणि रात्री थंडगार खोलीत सशाचा शिळा रस्सा खाऊन झोपला. तार्दिव्हेलचा आवाज बेताचाच. पण चेहरा बंद दारासारखा, आणि सिनेमावाल्यांना नेमकं तेच हवं होतं. रेनकोट चढवून 'पोलीस! दार उघडा!' म्हणायचं, एवढ्या एका वाक्यावर त्याचं घर झालं, गाडी झाली. अजून बाजारात गेला की मासेवाल्या त्याला पाहून 'दार उघडा!' ओरडतात आणि एक मासा जास्त टाकतात. रूव्रेला याचा कधी हेवा वाटला नाही. म्हणजे, वाटला असेल तर त्याने तो दाखवला नाही. तो चांगला नट होता.

रंगमंचावर दिवाणखाना मांडून ठेवला होता. दोन कामगार गालिचा ओढून सरळ करत होते. वर माळ्यावर म्हातारा बेबेर, थिएटरचा जुना पडदेवाला, पडद्याची वजनं तपासत होता. बाजूला युगेत, कंपनीत नवी आलेली पोरगी, आपली वाक्यं पुटपुटत येरझाऱ्या घालत होती. काळ्या कोटातली बाई पाहून ती गप्प झाली.

"इथं?" सोलांजने विचारलं.

"हो. त्या शिडीवरून."

बाईने मान वर करून शिडी पाहिली, मग माळा पाहिला, मग परत शिडी. घाई नव्हती तिला. बैल विकत घेताना पाहतात तसं पाहणं चाललं होतं.

"केवढी उंच आहे हो. एवढ्यावरून पडला, आणि एक हाड मोडलं नाही?"

तार्दिव्हेल गालिच्याकडे बघू लागला.

"त्याला मी धुतला, साहेब. आमच्याकडे दुसऱ्याच्या हाती देत नाहीत. स्कार्फ सोडला, आणि..." तिने स्वतःच्या कानाखालून हनुवटीकडे एक बोट ओढलं. "मग परत बांधला. तुमच्यासारखाच, घट्ट. पाद्रीबाबांनी घंटा वाजवू दिली, आईशेजारी जागा दिली. तुम्ही सगळ्यांनी खोटं सांगितलंत म्हणून दिली, नाहीतर असं गेलेल्याला देत नाहीत. त्याबद्दल मी उपकारच मानते. पेटीचं झाकण लावायच्या आधी स्कार्फ तेवढा काढून घेतला. परक्याची वस्तू मातीत घालू नये. त्याच्या जागी माझी शाल दिली."

गालिचावाल्यांचे हात थांबले होते.

"गावात मी तोंड उघडायची नाही," ती पुढे म्हणाली. "पण मला तरी कुणी सांगा. हा मुलगा जन्मभर मला गोड गोड खोटं लिहीत आला. ताई, मोठं काम मिळालंय. ताई, गर्दी मावत नव्हती. तुम्ही त्याचे दोस्त. एकदा, एकच शब्द, खरं सांगा. कशाने केलं त्याने?"

आता हे सांगायलाच हवं. थिएटरात एक शब्द तोंडातून काढत नाहीत. पडदा जिने वर चढतो, विहिरीचं पाणी जिने वर येतं, गाय जिने खुंट्याला राहते, त्या साध्या वस्तूचं साधं नाव. सूत म्हणतील, तार म्हणतील, काहीच सुचलं नाही तर 'ते तिथलं' म्हणतील, पण तो शब्द नाही. अपशकुन! आणि कुणाच्या तोंडून निसटलाच, तर त्याने सगळ्या मंडळींना, कामगारांपासून मालकिणीपर्यंत, दारू पाजायची. गेल्या महिन्यात युगेतच्या तोंडून तो निसटला होता. लगेच पडद्यामागून खणखणीत आवाज आला होता, "घसे कोरडे पडलेत हो!" तो आवाज रूव्रेचा. शब्द पकडायला त्याच्याइतके तिखट कान कुणाचे नव्हते. स्वतः भर थंडीत विंगेत पेंगत असायचा, पण शब्द पडला रे पडला की हा जागा! पोरगी रडवेली झाली, तेव्हा तिच्या गालाला हात लावून म्हणाला होता, "अगं वेडे, बाटली स्वस्तातली आण. आम्हाला काही कळत नाही." आणि पैसे गुपचूप त्यानेच दिले होते.

तार्दिव्हेल बेचाळीस वर्षं रंगमंचावर उभा होता. हा शब्द त्याने इथं एकदाही उच्चारला नव्हता. त्या डॉक्टरासमोर नाही, मालकिणीसमोर नाही. त्या दुपारी विंगेतून आत येऊन वर पाहिलं तेव्हा तो नुसताच ओरडला होता, त्या ओरडण्यात शब्द नव्हता.

'सूत' म्हणून भागलं असतं. पण शेतातून आलेल्या या बाईला सूत म्हटल्यावर काय कळणार? आणि कळलं तरी, तिने मागितलं होतं ते हे नव्हे.

"दोराने," तो म्हणाला. "पडद्याच्या दोराने, ताई. त्या माळ्यावरून. मीच पाहिला पहिल्यांदा. मी आणि बेबेरने खाली घेतला."

शब्द पडला, आणि सवयीने त्याची मान विंगेकडे वळली. रूव्रे पेंगायचा ते स्टूल तिथंच होतं. कुणी ओरडलं नाही. युगेतने दोन्ही हात तोंडावर धरले. वर बेबेरने डोक्यावरची टोपी काढली आणि छातीशी धरून उभा राहिला.

सोलांजने मान डोलावली. एकदाच. मग सगळ्यांकडे पाहून विचारलं, "हे सगळे असे का थिजले?"

"इथं तो शब्द बोलत नाहीत. बोलला की..." तार्दिव्हेलने स्टुलावरून नजर काढली. "बोलला की सगळ्यांना पाजावं लागतं. तसा रिवाज आहे."

"मग रिवाज मोडू नका," बाई म्हणाली.

आत जाऊन तिने टोपली आणली. तिच्यात फडक्यात गुंडाळलेली बाटली होती, घरच्या आलुबुखाऱ्याच्या दारूची, दरवर्षी नाताळात ती भावाला पाठवायची तशीच. यंदाची पाठवायची राहिली होती. कामगारांनी कुठून कुठून पेले जमवले, दोन तर नाटकातल्या कपाटातलेच. बेबेर शिडीवरून एकेक पायरी मोजून उतरला. तिने सगळ्यांना ओतलं. कडक होती. घशातून जाताना जाळत गेली, आणि कुणाचाही डोळा ओला झाला तरी त्याला सबब मिळाली.

तार्दिव्हेलच्या पेल्यात ओतताना तिचा हात थांबला. आवाज खाली आला, फक्त त्याला ऐकू येईल इतका.

"अजून एक विचारते. तो सिनेमा. तुम्हीच लावून दिला होता ना त्याला?"

"हो."

जज्जाचं काम होतं. रूव्रेचं पहिलं खरं सिनेमातलं काम. महिनाभर तो स्टुडिओत गेला, भाषण ठोकलं, कॅमेरावाल्यांनीही टाळ्या वाजवल्या. आणि सिनेमा लागला तेव्हा त्यात ते भाषण नव्हतं. सिनेमा लांबला म्हणून कापलं. उरलं काय, तर दारातून पाठमोरा बाहेर जाणारा, जज्जाची टोपी घातलेला एक माणूस.

"त्याने आधी कळवलं होतं," सोलांज म्हणाली, "म्हणून मी अख्खं गाव गोळा केलं. शेजारच्या शहरात बस करून गेलो. तोही आला होता. बिचाऱ्याला माहीतच नव्हतं कापलंय ते. दिवे लागले, सगळे माझ्याकडे बघायला लागले. काय बोलावं सुचेना. म्हणून मी आपलं मोठ्याने म्हटलं, 'काही का असेना, टोपी तरी छान होती!' सगळी बस हसली, साहेब. घरी येईपर्यंत हसत होती." तिने त्याचा पेला भरला. "त्यानंतर पंधरा दिवसांत हे. तुमच्याशी तो कधी बोलला का हो? टोपीबद्दल?"

रूव्रे गावाहून परतला तेव्हा चार दिवस कुणाशीच बोलला नव्हता. विचारलं तर म्हणाला होता, सर्दी झाली आहे. टोपीचा उल्लेख तार्दिव्हेल आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होता.

त्याने पेला तोंडाला लावला आणि खाली ठेवला. मग, हळूहळू, बंद दारासारख्या त्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं, आधी डोळ्यांच्या कडांना, मग गालांत, आवरता न येणारं.

"बोलला का? अहो ताई, त्याने आमचे कान किटवले!" खांदे किंचित वर, मान तिरकी, आवाज छातीतून. क्षणभर रूव्रेच उभा राहिला तिथं. "'माझी ताई म्हणजे काय चीज आहे! पॅरिसमधले सगळे टीकाकार एका पारड्यात आणि ती एकटी एका पारड्यात! काय म्हणाली माहितीये? म्हणे, टोपी तरी छान होती!' रोज सांगायचा. हसून हसून खोकला यायचा त्याला. या युगेतला विचारा हवं तर."

युगेत काही ऐकू जायच्या अंतरावर नव्हती. तरी स्वतःचं नाव कानावर पडताच तिने वर पाहिलं आणि, काय विचारलं ते न कळताच, जोरजोरात मान हलवली.

सोलांज तार्दिव्हेलकडे बघत राहिली. मिशीकडे, रंगवलेल्या भुवयांकडे, डोळ्यांकडे. मघाशी शिडीकडे पाहिलं होतं तसंच.

"हसत होता म्हणता."

"हसत होता, ताई."

तिने बूच बाटलीत बसवलं, तळव्याने ठोकून घट्ट केलं आणि उरलेली बाटली बेबेरच्या हातात दिली. टोपलीचं झाकण लावलं. बाहेर प्रेक्षक यायला लागले होते, पडद्यापलीकडे खुर्च्या आपटल्याचे आवाज येत होते.

"तुमचे सगळे सिनेमे पाहिलेत मी," ती म्हणाली. "छान काम करता तुम्ही. अगदी खरं वाटतं."

मग तिने त्याची सुटायला आलेली मिशी अंगठ्याने दाबून नीट चिकटवली आणि टोपली उचलून विंगेतून बाहेर निघून गेली.