जिवंत मास्तरांचं सुतक

वस्तरा गळ्यावर असला की भलाभला माणूस हळू बोलतो. आबासाहेब तेव्हाही ओरडत होते.

"पोपट्या, आटप लवकर! साहेब येईल आत्ता. आणि हे काय रे, पोरांच्या डोक्यावर काहीच कसं नाही?"

मी मान वळवून बघितलं. म्हणजे बघितल्यासारखं केलं. मला काय नवीन होतं त्यात!

आबासाहेबांची ओटी ठाण्याच्या हायस्कुलाच्या बरोबर समोर. मधे रस्ता आणि एक चिंच. साल विलायतेच्या राणीच्या जुबिलीचं, आणि दिवस इन्स्पेक्टर साहेबाच्या परीक्षेचा. साहेब खूश झाला तर शाळेला सरकारी ग्रँट, नाहीतर ठणठणाट. म्हणून कमिटीचे मुख्य आबासाहेब सकाळीच माझ्यापुढे डोकं-दाढी करायला बसलेले. डावी बाजू मी तुळतुळीत केलेली. उजवी नुसती भिजवून ठेवलेली.

समोर चिंचेखाली सगळी शाळा उभी. एकाच्या डोक्यावर टोपी नाही की पागोटं नाही. चांगल्या घरचं पोर रस्त्यावर उघड्या डोक्याने कधी येतं? घरातलं कोणी गेलं की. आवाज म्हणाल तर अजिबात नाही. हसू मी दाबून धरलेलं, आणि एक कान स्टेशनाकडे.

कारण एक माणूस त्या दिवशी खरंच हातचा चाललेला. हरिहर मास्तर. आबासाहेबांचा सख्खा पुतण्या, शाळेत गणित शिकवायचा. गणित चुकलं तर मारायचा नाही, चुकलेलं लपवलं तर मारायचा. पोरं जीव टाकायची त्याच्यावर. त्याने महिन्यापूर्वी मुंबईला जाऊन कलावतीशी लग्न लावलं. कलावती आमच्याच आळीतली, न कळत्या वयात विधवा झालेली. झालं! आळी पेटली. आबासाहेब मासुंदा तळ्यावर गेले, घडा भरला आणि हरिहरच्या नावाने लाथ मारून उपडा केला. जातीबाहेर काढलेल्या माणसाचं असं करतात. म्हणजे तो मेला. दुसऱ्या दिवशी कमिटीने मास्तरला शाळेतून काढला.

आता तो सकाळच्या गाडीने बायकोला घेऊन कल्याणला निघालेला. तिथून पुढे कुठे, ते त्यालाही ठाऊक नाही. गाडी सुटली की संपलं.

माझं काय अडलेलं, म्हणाल? कलावतीचा नवरा गेला तेव्हा तिचे केस काढायला मलाच बोलावलेलं. ती कोपऱ्यात बाहुली घेऊन बसलेली. मी म्हटलं, पोटात कळ आली, आणि जो पळालो! मग दर वेळी बोलावलं की माझ्या पोटात कळ. दुसरा न्हावी आणतील तर तेही नाही. आळी माझी. एकाच्या गिऱ्हाइकाला दुसरा न्हावी वस्तरा लावत नाही, आमच्यात तसा दंडकच आहे. असे राहिले तिचे केस.

तर आदल्या दिवशी पोरं माझ्याकडे आली. पुढे मधु, आबासाहेबांचाच धाकटा मुलगा.

"पोपटदादा, आम्ही कमिटीला अर्ज करणार आहोत."

"कर. तुझे बाबा त्यात सुपारी बांधतील."

"मग काय करायचं?"

"घडा लाथाडला तेव्हा बाबा काय म्हणाले?"

"म्हणाले, आमच्यासाठी हरी मेला."

"मग मेल्या माणसाचं लोक काय करतात?"

भिक्षुकाचा सहदेव एकदम खुदकन हसला. "अरे! गुरू गेला तर शिष्याला तीन दिवस सुतक!"

कोलशेतच्या मिठागरवाल्या आगऱ्याचा गोविंदा म्हणाला, "आमचे घरात गुरूचा काय करतान ते मना नाय ठाव. पन पागोटा कारतंय मी."

इतकंच. पुढचं पोरांनी केलं.

तेवढ्यात घोडागाडी आली. साहेब वेळेआधीच! आबासाहेब ताडकन उठले, खांद्यावरचा पंचा खाली पडला.

"पोपट्या, उरलेलं कर झटकन!"

"करतो की. पण आबासाहेब, आधी पोरांना विचारू या का कोण गेलंय? घरचंच कोणी असलं तर मला वस्तरा खाली ठेवावा लागेल. सुतकात हजामत कशी करू?"

ते तसेच, अर्ध्या डोक्याने, पायरीवर आले. "मध्या! कोण गेलंय?"

मधु पुढे आला. पोराने हातात टोपी चुरगाळून धरलेली, मला ओटीवरून दिसत होतं. पण आवाज धड होता.

"हरिदादा गेला, बाबा. तुम्हीच तळ्यावर सांगितलंत. आम्हाला गुरूचं सुतक आहे. सुतकात वर्गात कसे बसणार?"

हेडमास्तर धावत आले. "आत व्हा सगळे! नावं काढून टाकीन एकेकाची!"

एकही पोर हललं नाही. साहेब गाडीतून उतरला, पोरांकडे बघून त्याने आपली टोपी काढली. त्याला वाटलं, खरंच कोणी मेलंय. मराठी येत होतं त्याला, मोडकंतोडकं का होईना.

"कोन वारला?"

आता मात्र आबासाहेबांचं टाळकं फिरलं. पायरी उतरून मधुवर हात उगारला. मधु मागे सरला नाही.

"शिवू नका, बाबा. मला सुतक आहे." आणि हळूच म्हणाला, "तुम्हालाही आहेच की. तुम्ही तर सख्खे काका."

हात तसाच वर राहिला. रस्त्यावर माणसं जमलेली. माजिवड्याच्या भाजीवाल्या बाया टोपल्या डोक्यावर घेऊन तशाच उभ्या. एक बोलली, "अगो, अर्धाच भादरलाय!" कोणी हसलं नाही. सगळे आबासाहेबांच्या तोंडाकडे बघत होते. मलाही वाटलं, आता हा माणूस पोराला घराबाहेर काढतो आणि मला गावाबाहेर.

तेवढ्यात स्टेशनाकडून घंटा ऐकू आली. कल्याणची गाडी मागच्या स्टेशनातून सुटली की आमच्याकडे तशी घंटा देतात.

आबासाहेब माझ्याकडे वळले. अर्ध्या डोक्यावरून पाणी निथळत होतं. "पोपट, तू आधी हे पुरं कर."

मी वस्तरा पुसला, धोकटीत ठेवला, धोकटी बांधली.

"हरिहर मास्तर मेला असेल तर दहाव्याला येतो, आबासाहेब. जिवंत असेल तर आत्ता करतो. तुम्ही सांगाल तसं."

"दुसरा न्हावी आणतो मी!"

"आणा की."

त्यांना माहीत होतं, येणार नाही. कलावतीच्या वेळीही कोणी आला नव्हता. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मला दिसलं, त्यांना आता कळत होतं, माझ्या पोटातली ती कळ कसली होती.

साहेबाने परत विचारलं, "कोन वारला?"

आबासाहेब तोंडातल्या तोंडात म्हणाले, "कोणी नाही."

"मोठ्याने सांगा ना, बाबा," मधु म्हणाला. आता तो रडत होता. "ऐकू नाही आलं कोणाला."

"हरी जिवंत आहे!" आबासाहेब ओरडले, नेहमीसारखे. "माझा पुतण्या जिवंत आहे! घाला टोप्या, कार्ट्यांनो!"

"मास्तर जिवंत आहेत, तर वर्गात का नाहीत?" सहदेवने विचारलं. साहेबानेही हेडमास्तरांकडे बघितलं. हेडमास्तर आपल्या जोड्याकडे.

आबासाहेबांनी डोळे मिटले. "आणा त्याला."

गोविंदा सुटलाच. मिठागराच्या बांधावर पळून पळून त्याचे पाय घडलेले. मीही ओटी उतरून पोरांपाशी उभा. गाडीची शिट्टी झाली. मग स्टेशनात शिरल्याचा धडधडाट. मग परत शिट्टी, निघाल्याची. मधुने माझा हात धरला, सुतकबितक विसरून.

"गेली," तो म्हणाला.

गेली खरी. पण वळणावर आधी गोविंदा दिसला, डोक्यावर ट्रंक. मागे मास्तर, आणि त्याच्या मागे कलावती, अंबाड्यावर पदर.

मास्तर चिंचेखाली आला आणि उघड्या डोक्यांकडे बघत राहिला. "मला मारलंत होय रे?"

"मेल्याची खोटी आवई उठली की आयुष्य वाढतं, मास्तर," मधु म्हणाला.

"कोणाची अक्कल?"

"सगळ्यांची," सगळी पोरं एकदम बोलली. एकानेही माझ्याकडे बघितलं नाही, शहाणी पोरं!

मास्तर वर्गात गेला. कलावती कुठे जाणार? ती रस्त्यातच उभी राहिलेली, ट्रंकेपाशी. आबासाहेबांनी तिच्याकडे बघितलं नाही. पण ओटीवर चढताना घराच्या दाराकडे तोंड करून म्हणाले, "उन्हात उभं राहू नये कोणी. सावलीला ओटी आहे."

आत या म्हणाले नाहीत. पाणीही दिलं नाही त्या दिवशी, खोटं का सांगू. ती येऊन ओटीच्या कडेला बसली, आणि मी धोकटी सोडली.

उजव्या बाजूची दाढी अर्धी झाल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "पोपट, पोरांना तू शिकवलंस."

"मी अडाणी माणूस, आबासाहेब. घडा तुम्ही लाथाडलात."

ते पुढे बोलले नाहीत. वस्तरा गळ्यावर होता.