डबल बेल

या शर्यतीत गाड्या नुसत्या डावीकडे वळतात. दोनशे फेऱ्या झाल्या तरी उजवीकडे वळायचं नाव नाही. हे कळलं तेव्हा मी गवारीच्या शेंगा मोडायची थांबले. एकोणतीस वर्षं लातूरच्या शाळेत मराठी शिकवतेय, मूर्खपणा पुष्कळ पाहिलाय, पण इतका शिस्तीतला मूर्खपणा पहिल्यांदाच पाहत होते.

"मग यात बघायचं काय?" मी विचारलं.

"तू बघ तर आधी," मनस्विनी म्हणाली. ही माझी लेक, वय सव्वीस. टीव्हीसमोर खुर्चीत बसलेली, हातात व्हिडिओ गेमचं खेळण्यातलं स्टिअरिंग, पायाशी खेळण्यातला ब्रेक. पडद्यावर चाळीस गाड्या एकमेकींना चिकटून पळत होत्या. दिसायला साध्या घरगुती मोटारी, पण वेग ताशी तीनशे किलोमीटर. तिकडे अमेरिकेत यांना स्टॉक कार म्हणतात म्हणे.

मी उगाच भोचकपणा करत नव्हते. आठ महिन्यांपूर्वी मनस्विनीच्या डाव्या डोळ्याचा पडदा सरकला. दोनदा ऑपरेशन झालं, पण नजर परत आली नाही. ती एका लॅबमध्ये होती. स्कूटीवर घरोघरी जाऊन तपासणीसाठी लोकांचं रक्त घेऊन यायचं, हे तिचं काम. डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं की उजवा डोळा ठणठणीत आहे, आता हळूहळू गाडी चालवायला लाग. लॅबवाल्या बाईंनी एक जूनपर्यंत जागा राखून ठेवली होती. आणि स्कूटी जिन्याखाली चादर पांघरून उभी. तिचा विषय काढला की मनस्विनी खोलीत जाऊन दार लावायची. मे अर्धा संपला होता. मला त्या बंद दाराची इतकी चीड आली होती की जे तिला बाहेरच्या खोलीत बसवेल ते मला चालणार होतं, मग ते डावीकडे वळो नाहीतर खड्ड्यात जावो.

तिचे वडील उद्धवराव, म्हणजे आमचे हे, निलंगा डेपोतून एसटी कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत. विनातिकीट प्रवाशाकडे पाहावं तसे ते सोफ्यावरून त्या खेळाकडे पाहायचे.

त्याच आठवड्यात खेळ बनवणाऱ्या कंपनीनं जाहीर केलं होतं की पुढच्या खेळात काय हवं ते सांगा. ज्याची मागणी बाकीच्यांना पटेल तिला मतं पडतील. सोबत छोटा व्हिडिओ जोडला तर उत्तम. शेवटची तारीख रविवार. मनस्विनीनं मला लॅपटॉपवर लोकांच्या मागण्यांची यादी उघडून दिली आणि माझी दुपारची झोप गेली.

काय काय मागतात माणसं. एकाला हवं होतं की संध्याकाळ झाली की ऊन ड्रायव्हरच्या डोळ्यावर यावं आणि त्याला दोन फेऱ्या धड दिसू नये. दुसऱ्याचं म्हणणं, चाकं बदलणाऱ्या माणसांना नावं द्या, आणि त्यांना कधीतरी चुकू द्या. एकजण मागत होता की पहिल्याच दिवशी मोठ्या शर्यतीत उभं करू नका, गावाकडच्या मातीच्या धावपट्टीवरून, खटारा गाडीतून सुरुवात करू द्या. एकानं तर भांडणच काढलं होतं, की एका टीव्हीवर दोघांना खेळता यायचं ते तुम्ही बंद केलंत, तेव्हापासून माझा भाऊ माझ्या खोलीत येत नाही.

आणि नांदेडची अर्शी. मनस्विनीची ही मैत्रीण खेळातूनच झालेली. तिच्या वडिलांचं गाड्यांचा पत्रा ठोकून रंग मारायचं गॅरेज. तिची मागणी अशी होती की धडकलेली गाडी दुरुस्त झाली की नव्यासारखी दिसता कामा नये. पत्रा ठोकून लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली जागा उन्हात तिरकं पाहिलं की ओळखू येते, तशी खेळातही यावी.

हौसेला मोल नसतं हे ऐकून होते. हौसेला इतकी बारीक नजर असते हे मला नवीन होतं.

"आणि तुझी मागणी काय?" मी विचारलं.

मनस्विनीनं खेळ थांबवला. "आई, इथं समोरचं दिसतं. शेजारची गाडी दिसत न्हाई. खऱ्या शर्यतीत पण तसंच. ड्रायव्हरला इतकं आवळून बांधतात की मान वळत न्हाई. म्हणून वर छतावर त्याचा एक माणूस उभा असतो. तो कानात सांगतो, डावीकडं गाडी हाय, अजून हाय, गेली, आता मोकळं. स्पॉटर म्हणतात त्याला."

"म्हणजे ड्रायव्हरला स्वतःला डावीकडचं कळतच नाही?"

"न्हाई." ती थांबलेल्या पडद्याकडेच बघत राहिली. "इथं सगळ्यांचाच डावा डोळा गेलेला असतो. चाळीसच्या चाळीस जणांचा."

मी हातातल्या शेंगेचे इतके तुकडे केले की ती भाजीतही दिसली नसती.

तर तिची तक्रार अशी होती. खेळातला हा छतावरचा माणूस घाईघाईनं एकच इंग्रजी शब्द टाकतो आणि तोही उशिरा. गाडी नुसती मागच्या चाकापर्यंत आली आहे की दारापर्यंत, लांब आहे की अंगाला लागली, काही सांगत नाही. म्हणून ती रोज आपटायची. तिला पाहिजे होतं ते दोन गोष्टींत मावणारं. गाडी किती जवळ आली ते कळावं, आणि सांगणारा माणूस आपल्या घरातला ठेवता यावा.

तिनं इंग्रजीत लिहिलेलं मला दाखवलं. मी म्हटलं, आधी मराठीत लिही. जे मराठीत सांगता येत नाही ते इंग्रजीत नुसतं झाकलं जातं. ती चिडली, पण लिहिलं. दोन ठिकाणी मी लाल पेनानं खूण केली. सवय जात नाही.

शनिवारी दुपारी व्हिडिओ करायचं ठरलं. अर्शी नांदेडहून त्याच शर्यतीत उतरणार होती, फोन स्पीकरवर. टीव्हीवर मनस्विनीची गाडी आणि लॅपटॉपवर सगळी शर्यत वरून दिसणारी. खेळातल्या इंग्रजी माणसाचं तोंड बंद केलं आणि त्याच्या जागी उद्धवरावांना चष्मा लावून लॅपटॉपपुढे उभं केलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच ते भांग पाडून तयार झाले होते.

पहिल्या शर्यतीत ते म्हणाले, "मनू, डावीकडून एक पांढरी गाडी येऊन राहिली बघ. तिच्यावर कसलंतरी निळं चित्र हाय. लई घाईत दिसतोय गडी, त्याला जरा..." तोवर पांढरी गाडी मनस्विनीच्या दारात घुसली होती.

"अहो, उतारूंना गोष्ट सांगताय का?" मी म्हटलं.

"बरं बरं," ते म्हणाले. "बोलायचंच न्हाई मग." स्वयंपाकघरातून स्टीलचा पेला आणि चमचा घेऊन आले. डावीकडे गाडी आली की पेल्यावर एक टोला. मनस्विनीनं मान डोलावली. अर्शी फोनवरून म्हणाली, "काका, एकदम भारी. मी मागंच हाय, बघून राहिले."

दुसरी शर्यत सुरू झाली. चौथ्या फेरीला मनस्विनी चौदावी होती. एवढी पुढे ती कधीच नव्हती. मीसुद्धा पडद्याजवळ सरकले, खोटं कशाला बोलू. एक लाल गाडी आतून, डावीकडून चढत होती. उद्धवरावांनी नेम धरून पेल्यावर एक टोला दिला. टण.

आणि मनस्विनीनं कचकन ब्रेक दाबला.

ताशी तीनशेच्या वेगात, सगळ्यांच्या मधोमध. मागच्या अठरा गाड्या एकमेकींवर चढल्या. पडद्यावर नुसता धूर. फोनवर अर्शी विचारत होती, "काकू, झालं काय? ब्रेक कुणी लावला?"

आम्हा तिघांना एकाच वेळी उमगलं. एसटीत एक बेल म्हणजे थांब, दोन बेल म्हणजे चल. ही पोरगी लहानपणी प्रत्येक सुट्टीत बापाच्या गाडीतून निलंगा ते लातूर नुसती जायची आणि यायची. घरी पाटावर बसून ताटलीचं स्टिअरिंग करायची आणि हे मागून वाटी वाजवायचे. एक बेल ऐकून ब्रेक न दाबणं तिच्या पायाला शक्यच नव्हतं. आणि कंडक्टर असून हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

मनस्विनी हसायला लागली. आधी तोंडावर हात ठेवून, मग खुर्चीच्या पाठीवर रेलून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दोन्ही डोळ्यांतून. आठ महिन्यांत मी तो आवाज ऐकला नव्हता. मी पदरानं चेहरा पुसला आणि गवार करपेल म्हणून आत गेले. गॅस पेटवलेलाही नव्हता.

परत आले तेव्हा बापलेकींचं नवीन ठरलं होतं. गाडी मागे घेताना कंडक्टर खाली उतरतो आणि मागच्या पत्र्यावर थाप मारत ड्रायव्हरला बोलावतो. लांब आहे तोवर सावकाश, जवळ आलं की भराभर. तसंच करायचं. डावीकडे गाडी आली की खुर्चीच्या पाठीवर डाव्या बाजूला थाप. आणि गाडी गेली, रस्ता मोकळा झाला, की पेल्यावर दोन टोले. डबल बेल.

तिसऱ्या शर्यतीत मनस्विनी नववी आली. उद्धवरावांचा तळहात लाल झाला होता. "धक्का न लागता आणली बघ," ते मला म्हणाले. असं ते पूर्वी डेपोतून घरी आल्यावर म्हणायचे.

रविवारी व्हिडिओ जोडून मागणी गेली. तिला एकूण सदतीस मतं पडली. पावसातही शर्यत व्हावी ही कुणाचीशी मागणी साडेअकरा हजारांवर होती. कंपनीकडून जे उत्तर आलं ते सगळ्यांना एकच पाठवतात तसलं होतं, त्यात मनस्विनीचं नावही नव्हतं. मला राग आला. मी म्हटलं, उत्तराचं उत्तर लिहूया, मी मजकूर सांगते.

"राहू दे गं," ती म्हणाली. "सदतीस जणांना कळलं की." मग म्हणाली, "चादर कुणी काढली स्कूटीवरची?"

"मी," उद्धवराव म्हणाले. "हवा भरून आणली. नुसती हवा. चालव म्हणलो का मी?"

दार लागलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. तीस तारखेला ती गल्लीत दोन चकरा मारून आली, एकतीसला चार.

एक जूनला सकाळी सहा वाजता ती तयार होती. मी उद्धवरावांना म्हटलं, तुम्ही मागे बसा, तुमचं खातं आहे हे. त्यांनी मान हलवली. "मी बसलो तर ती माझ्या भरवशावर चालवंल. तू बस. तुझ्यावर काय तिचा भरवसा न्हाई."

बसले. आयुष्यात इतकी ताठ मी इन्स्पेक्शनलाही बसले नसेन. कोपऱ्यावर डावीकडून एक रिक्षा आली आणि मी तिच्या डाव्या खांद्यावर थापा मारायला लागले, सावकाश नाही, एकदम भराभर.

"दिसली मला, आई," ती म्हणाली. "खांदा मोडशील." तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती प्रत्येक वळणाला मान पुरी वळवून डावीकडे बघत होती. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

लॅबपाशी मी उतरले. आतून तिनं नमुन्यांची पेटी आणली, पत्त्यांचा कागद आणला. पहिलं घर औसा रोडला. पेटी मागच्या सीटवर, म्हणजे माझ्या जागेवर, बांधली. हेल्मेट घातलं, चावी फिरवली, मान वळवून डावीकडे पाहिलं. मग तशीच थांबली.

"काय झालं?"

"बेल दे की," ती म्हणाली.

माझा हात उठेना. तीस वर्षं कंडक्टरची बायको आहे मी, एवढं मला ठाऊक आहे की डबल बेल देणारा माणूस गाडीतच असतो. बेल देऊन खाली कुणी राहत नाही. मला तिच्यामागे त्या पेटीवर बसून औसा रोडला जायचं होतं, आणि तिथून पुढच्या घरी, आणि त्याच्या पुढच्या. मी रस्त्याकडे पाहिलं. डावीकडे एक दूधवाला होता, तो गेला. मोकळं झालं.

मी तिच्या हेल्मेटवर दोनदा टकटक केलं.

ती गेली. वळणावर तिची मान डावीकडे वळलेली मला दिसली, मग ती दिसेनाशी झाली. मी घरी यांना फोन केला आणि सांगितलं, सुटली गाडी.